तयार हात

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले, "आणि टोचलं की सांगा."

शालूबाईनं डोळे मिटले. उजवा हात टेबलावर उताणा टाकला आणि दात आवळून वाट पाहू लागली. वर पंखा कुरकुरत होता. बाहेर तळेगावच्या चौकात एक टेंपो मागं येताना टुंई टुंई करत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या कैलासच्या, कारखान्याच्या मुकादमाच्या, शर्टाला सेंटचा वास येत होता. सुईचं तिला भय नव्हतं. सव्वीस वर्षं लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात उकळत्या गुळाशी हातघाई केलेली बाई ती. सुई टोचली तरी हूं की चूं करायचं नाही, नुसतं 'टोचली' म्हणायचं, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण डॉक्टर काही केल्या सुरूच करेनात. सुई सापडत नसेल, तिला वाटलं. का कुणाचा फोन आला? एवढ्यात करंगळीला कचकन टोचलं.

"आई गं! हां, टोचली."

"आणि आधी?"

"आधी कुटं? आत्ताच तर सुरू केलंत तुमी."

पंखा तेवढा कुरकुरत राहिला. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "उघडा डोळे, मावशी. ही आठवी होती."

शालूबाईनं डोळे उघडले. अंगठ्याच्या पेरावर दोन लाल ठिपके होते. त्याच्या शेजारच्या बोटावर दोन, मधल्यावर दोन, करंगळीजवळच्या बोटावर एक. मधल्या बोटावरचा ठिपका फुगून मण्याएवढा झाला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत फुटून तळव्याच्या रेघेत उतरला. ती ते रक्त बघत राहिली. दुसऱ्या कुणाचं तरी सांडलेलं असावं आणि आपला हात मध्ये आला असावा, तसं ते दिसत होतं. तिनं कैलासकडं पाहिलं. कैलास भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

डॉक्टर समजावून सांगत होते. मनगटातून एक शीर जाते म्हणाले, अगदी अरुंद जागेतून. तेच मनगट रोज हजार वेळा दाबून वळवलं की तिथं सूज धरते आणि शीर चेपते. आधी मुंग्या येतात, मग दुखतं, मग काहीच होत नाही. "काहीच होत नाही, ते सगळ्यात वाईट," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा अंगठा आडवा करून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा असतो, तो खचून खळगा पडला होता. शालूबाईला तो खळगा ठाऊक होता. वयानं गाल बसतात तसा हातही बसला, असं ती धरून चालली होती. करंगळीची शीर निराळी असते म्हणून ती वाचली, डॉक्टर म्हणाले. "केव्हापासून आहे हे? चटका न लागणं, वस्तू हातातून निसटणं?"

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत तिनं तोंड मिटलं. हात तयार झाला तेव्हापासून, असं ती म्हणणार होती.

कागदावर सही करायला डॉक्टरांनी पेन दिलं. तिनं ते नेहमीसारखं मुठीत धरून 'शालूबाई' लिहिलं, आणि 'ई'वर मधल्या बोटाचं रक्त उमटलं. कैलासनं कागद घाईनं उचलला, घडी घातली, खिशात कोंबला. "डॉक्टरसाहेब, आपलं फोनवर काय ठरलं होतं?" तो हसत हसत म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. "जे दिसलं ते मी लिहिलंय," ते म्हणाले, "आणि मावशींना पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झालाय, पण न्या."

गाडीत बसल्यावर कैलास फोनवर बोलू लागला. शालूबाई काचेला डोकं टेकून बसली. गाडी वडगाव ओलांडून कामशेतच्या अंगाला लागली. शेतं, ढाबे, गृहप्रकल्पांच्या पाट्या मागं पळत होत्या, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सात वेळा. माणूस सात वेळा माझ्या अंगात सुई खुपसतो आणि मी त्याची वाट बघत बसते. तिनं पदराआड डाव्या करंगळीच्या नखानं उजव्या हाताचं बोट दाबून पाहिलं. नखाला बोट लागत होतं. बोटाला नख लागत नव्हतं. मग उलटं करून पाहिलं, तर डाव्याचीही तीच कथा. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडं बघत बसली. एका घरात जन्म काढलेली दोन माणसं आतून कधीच बोलत नव्हती, हे आज कळावं, तसं तिला झालं.

हात तयार होणं म्हणजे काय, हे त्या कारखान्यात कुणाला सांगावं लागत नसे. नवी बाई आली की पहिले काही महिने ती चटक्यांनी रडकुंडीला येई. गुळाचा पाक दाण्यांसकट तेल लावलेल्या टेबलावर ओतला की तो थिजायच्या आत लाटायचा असतो; लाटण्यावर अंगाचा भार टाकायचा, मनगट आत वळवून झटका द्यायचा आणि ढिगाऱ्याची कड बोटांनी आत लोटायची. हातमोजा घातला तर कड समजत नाही. त्यामुळं उघड्या बोटांनी. मग हळूहळू बोटांना मुंग्या यायच्या. झोपेत हात झाडत उठायची पोर, सकाळी सांगायची, मावशी, हात झोपतोय. शालूबाई म्हणायची, "येऊ दे मुंग्या. दात येताना लेकरू किरकिर करतं का न्हाई? तसा हात येतोय तुजा." आणि एक दिवस ती पोर टेबलावरचा धगधगीत कोपरा उचलून धरी आणि तिला काही होत नसे. मग सगळ्या बायका काम थांबवीत. शालूबाई पुढं होऊन सगळ्यांच्या देखत म्हणे, "हात तयार झाला गं हिचा." त्या दिवशी त्या पोरीला स्वतःचं लाटणं मिळे. बाभळीचं, जड. भट्टीवर सळई लाल करून शालूबाई त्या लाटण्याच्या टोकाला तिची खूण जाळी. त्या पोरीनं लाटलेला त्या दिवसाचा पहिला थर विकायला जात नसे, सगळ्यांनी मोडून खायचा. अशी लाटणी किती, याचा तिनं कधी हिशेब ठेवला नव्हता. आज गाडीत ती एकेक करून डोळ्यांपुढं येऊ लागली. फुली. चांदणी. दोन रेघा. मासोळी. प्रत्येक खुणेमागं एक हसरं तोंड आणि पुढं केलेला हात.

"मावशी, काळजी करू नका," कैलास फोन ठेवून म्हणाला. "हा कागद कुठं दाखवायचा नाही. शेठ म्हणाले, सोमवारच्या कागदावर तुमची सही आहे, तेवढी बास. परवा कोर्टाच्या तारखेला यायचं, तिथल्या साहेबांनी विचारलं की तेच सांगायचं."

सोमवारचा कागद. वडगावला वकिलाच्या टेबलाशी अमृतशेठनं स्वतः तिला खुर्ची दिली होती. बापाच्या माघारी कारखाना चालवणारा अमृतशेठ तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला होता, "मावशी, यशोधरा म्हणते लाटून लाटून तिचे हात गेले. नुकसानभरपाई मागतेय. आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं लाटताय तुम्ही. कुणाचे हात गेले? घरी भात लावायचा, धुणं धुवायचं, दिवसभर मोबाईल, आणि बोट माझ्याकडं?" बोलण्यात खोटं असं तिला काहीच दिसलं नव्हतं. वकिलानं शाईची डबी पुढं सरकवली, तशी तिनं ती मागं सारली आणि म्हणाली, "मला वाचता येतं." वकिलानं दोनदा घड्याळ पाहिलं, पण तिनं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. 'मी गेली सव्वीस वर्षे हेच काम करीत आहे. माझ्या हातांना कोणताही त्रास नाही. या कामामुळे कोणाच्याही हातांना इजा झाल्याचे मी पाहिलेले नाही.' शब्दन् शब्द खरा होता. खरा होता म्हणून तिनं ऐटीत सही ठोकली होती. कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं, तिला आत्ता वाटलं. फसवणाऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या.

आणि अक्षर तरी कुणी दिलं? यशोधरेनंच. कार्ल्याच्या फाट्यावरून आत गेलं की तिचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. बारावी झालेली पोर, बापाच्या आजारपणात शिकणं सोडून लाटायला आली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका पाय पसरून बसत, आणि ही चिक्कीच्या वेष्टनावरची अक्षरं शालूबाईला वाचून दाखवी. "मावशी, हे रोज हजार वेळा तुमच्या हातातून जातं. काय लिहिलंय ते नको कळायला?" पहिला शब्द शालूबाईनं वाचला तो 'गूळ'. साठीच्या उंबऱ्यावरची बाई 'गूळ, गूळ' करत दिवसभर हसत होती आणि भामाबाई, तिच्या बरोबरीची, टेबलापलीकडून टोमणे मारत होती, "आता हिला कलेक्टर करा." पेन मात्र शालूबाईच्या हातात ठरत नसे, सारखं घरंगळे. ती म्हणे, अक्षर उशिरा आलं, म्हणून पेनाला माझी वळख न्हाई. यशोधरा तिची बोटं पेनाभोवती एकेक करून लावून देई. त्या बदल्यात शालूबाईनं तिला मनगटाचा झटका शिकवला. आणि यशोधरेचा हात तयार झाला त्या दिवशी लाटण्यावर फुली नाही, चांदणी नाही, आयुष्यात पहिल्यांदा शालूबाईनं एक अक्षर जाळलं. 'य'. त्याची शेपटी थोडी लांबली होती. पोरीनं लाटणं छातीशी धरलं होतं.

गाडी कार्ल्याच्या फाट्याशी आली तशी शालूबाई ताठ झाली. मागच्या महिन्यात ती त्या घरी जाऊन आली होती; समजूत काढायला, दावा मागं घे म्हणायला. यशोधरेनं चहा आणला तो दोन्ही तळव्यांत पेला दाबून, लहान मूल आणतं तसा. ब्लाऊजची बटणं जाऊन तिथं चिकटपट्टी आली होती. वेणी आईनं घातलेली. शालूबाई तेव्हा मनात म्हणाली होती, काय सोंग तरी! कारखान्यात येऊन तिनं बायकांना ते सोंग करूनही दाखवलं होतं, दोन तळव्यांत पेला धरून, डुलत डुलत. सगळ्या हसल्या होत्या. भामाबाई तर डोळे पुसत हसली होती. निघताना यशोधरा एवढंच म्हणाली होती, "मावशी, रागावू नका. तुमचाही हात एकदा तपासून घ्या." आणि शालूबाईनं उंबऱ्यातून वळून तिला सुनावलं होतं, "माज्या हाताला काय धाड भरलीय?"

"कैलास, गाडी थांबव," ती एकदम म्हणाली.

"हितं? काय झालं? मळमळतंय का?"

गाडी थांबली. शालूबाईनं दाराच्या मुठीला हात घातला. मूठ हाताला लागली की नाही ते कळेना, म्हणून ती मुठीकडं बघत राहिली. उतरून काय सांगायचं? की पोरी, तुझं खरं होतं? की तुझा हात मीच मारला आणि वर त्याची खूण जाळली? फाट्यावर कणसं भाजणारी बाई उघड्या निखाऱ्यावरून कणीस उचलून हात झटकत होती, बोटं कानाच्या पाळीला लावत होती. शालूबाई तिच्याकडं टक लावून बघू लागली. किती वर्षं झाली, आपण असं बोट कानाला लावलं नाही. पोळलं की हात मागं येतो. साधं जनावरालाही ते कळतं. आपण ते पोरींकडून काढून घेतलं आणि वर पेढे वाटल्यासारखी चिक्की वाटली.

"चल," ती म्हणाली. "कारखान्यात चल."

"आज राहू दे की मावशी, घरी सोडतो."

"आज अपेक्षाला लाटणं द्यायचं हाय. वाट बघत असतील."

चार वाजून गेले होते. लोणावळ्यात सुट्टीच्या गाड्यांची रांग लागली होती आणि दुकानांच्या काउंटरवर पाहुणे चिक्कीचे पुडे बदाबदा पिशव्यांत भरत होते. कारखान्याच्या मागच्या दारानं ती आत शिरली. गुळाची जड, गोड वाफ तोंडावर आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्या वासाला पदर नाकाला लावला. अकरा बायका टेबलाभोवती उभ्या होत्या. मधोमध अपेक्षा, एकोणीस वर्षांची, नऊ महिन्यांपूर्वी आलेली. भट्टीच्या कडेला सळई लाल होत होती. टेबलावर नवं कोरं लाटणं.

"आली बाई आमची डॉक्टरीण!" भामाबाई ओरडली. "काय म्हनला डॉक्टर? हात बघून लगीन करतो म्हनला का?"

बायका खिदळल्या. अपेक्षानं पदर खोचला, नुकत्या ओतलेल्या ढिगाऱ्याचा कोपरा तोडला आणि दोन बोटांच्या चिमटीत उंच धरला. त्यातून वाफ निघत होती. ती मान डावीउजवीकडं फिरवून सगळ्यांना दाखवत होती. "मावशी, बगा! कायबी न्हाई! काल राती पन मुंग्या आल्या न्हाईत. गेल्या समद्या!"

सगळ्यांनी शालूबाईकडं पाहिलं. आता ती पुढं होणार आणि तीन शब्द म्हणणार. त्या तीन शब्दांसाठी त्यांनी पाक ओतून, कामाचा खोळंबा करून वाट पाहिली होती. ती पुढं झाली. अपेक्षाच्या चिमटीतून तो तुकडा काढून तिनं टेबलावर टाकला, आणि आपल्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टीपिनांतली एक सोडवली. बोटांना ती धड धरता येईना, म्हणून दातांनी सोडवली.

"डोळे मिट," ती म्हणाली. "टोचली की सांग."

"हे काय नवीन, मावशी?" अपेक्षा हसली. पण तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केला. कोवळा हात, अंगठ्याखाली अजून भरलेला. शालूबाईनं अंगठ्याला टोचलं.

"स्स! हां."

शालूबाईचा श्वास जरा खाली आला. तिनं शेजारच्या बोटाला टोचलं. पोर गप्प. पुन्हा, थोडं दाबून. गप्प. मधलं बोट. त्यावर रक्ताचा बारीक ठिपका आला, तशी पलीकडची एक बाई "अगं" म्हणाली आणि तिनं आपल्याच तोंडावर हात ठेवला. शालूबाई थांबली. टेबलावरचा पाक थिजत चालला होता, कडांना पांढुरका पडत होता, आणि कुणीही लाटण्याला हात लावत नव्हतं.

अपेक्षा डोळे मिटून, मान जराशी वर करून, हसऱ्या तोंडानं उभी होती.

"टोचा की मावशी," ती म्हणाली. "किती वाट बगायची?"

कैलास दारात येऊन उभा राहिला होता. "मावशी, हे काय चाललंय? माल थिजतोय सगळा!"

"थिजू दे," शालूबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "कैलास, तुज्या खिशातला कागद माजा हाय. माजं रगात लागलंय त्याला. दे नायतर नको देऊ. परवाच्या तारखेला मी जानार. यशोधरेच्या शेजारी बसनार. सोमवारी मी लिवून दिलं ते चुकलं म्हनून सांगनार."

"शेठ काय म्हणतील, विचार करा जरा."

"त्येला सांग, हात दाखवाया येते म्हनावं. नुसता माजा न्हाई." ती बायकांकडं वळली. "मी तुमाला हात तयार झाला म्हनले. ते समदं चुकीचं व्हतं. मला ठावं नव्हतं गं. माज्या पोटच्या पोरींची आन, मला ठावं नव्हतं."

अपेक्षानं डोळे उघडले होते आणि ती आपल्या बोटावरचं रक्त अंगठ्यानं पुसून पुन्हा पुन्हा बघत होती. मग भामाबाई टेबलाला वळसा घालून आली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तिनं लुगड्याला हात पुसला, डोळे गच्च मिटले आणि हात पुढं केला. तिच्या मागं कोमल येऊन उभी राहिली. तिच्या मागं चंपा.

डॉक्टरांनी प्रत्येक वेळी नवी सुई घेतली असती, शालूबाईला आठवलं. इथं कुठली नवी सुई? तिनं पिन चिमटीत धरली आणि भट्टीच्या जाळात घातली, मळ जळून जावा म्हणून. जाळ निळा होता. पिनेचं टोक तांबडं झालं, तांबडं वर चढू लागलं. ती मनातल्या मनात बायकांची तोंडं मोजत होती, कुणाला कधी लाटणं दिलं ते आठवत होती, फुलीची कोण, मासोळीची कोण, आणि यशोधरेच्या 'य'ची शेपटी उगाच लांबली होती ती. कसला तरी वास येऊ लागला. गुळाचा नव्हता.

भामाबाईनं डोळे उघडले.

"बाई!" ती किंचाळली. "बाई, सोड ती! जळतंय तुजं!"

शालूबाईनं खाली पाहिलं. तांबडी पिन तिच्या दोन बोटांच्या मध्ये होती आणि बोटांतून धूर येत होता. कालपर्यंत या टेबलाशी कुणी असं केलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आज अकराजणी नुसत्या बघत होत्या. ती सोडायचा प्रयत्न करत होती, पण पिन सुटली की नाही, ते तिला डोळ्यांनीच पाहावं लागत होतं.